वरचं पाणी

(मंगला गौरीच्या देवळाजवळचं केयूरचं घर. दुपार.)

तेजश्री : कण नव्हतेच त्यात, केयूर. नुसतं वरचं पाणी घातलं मी प्लेटवर. सकाळी बघते तर सगळे जंतू मेलेले.

केयूर : कुठलं वरचं पाणी?

तेजश्री : सोन्याचे कण मशीनमध्ये फिरवले की तळाशी बसतात ना, त्यांच्यावर राहतं ते. आपण फेकून देतो ते.

केयूर : मग एखादा कण राहिला असेल. तू केमिस्ट्रीवाली, प्लेट लावायला कधी शिकलीस? काहीतरी गडबड केली असशील, यार.

तेजश्री : तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. अरे, सोन्याने मरतच नाहीत ते! कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मी ते साबणासारखं रसायन घालते ना, त्याने मरतात. चार वर्षं आपण सोन्याचे गोडवे गायले, आणि राबत होता साबण.

केयूर : पण तो साबण तू धुऊन टाकतेस ना?

तेजश्री : एकदाच. जास्त धुतलं की कणांचा गोळा होतो. मला वाटलं, तुम्ही बायोलॉजीवाले जंतूंना घालायच्या आधी परत धूत असाल.

केयूर : मी कशाला धुऊ? तुमच्याकडून बाटली आली म्हणजे साफच असणार. आत काय घातलंय ते मला काय माहीत!

तेजश्री : आणि ते जंतू मारतं हे मला काय माहीत? बरं, तुलनेला जी प्लेट ठेवायचास, तिच्यात काय घालायचास?

केयूर : पाणी. मतलब, साधं पाणी.

तेजश्री : झालं! साबणाचं घालायला हवं होतं. पण साबण आहे हे तुला सांगणार कोण? मी वरच्या मजल्यावर, तू खालच्या. दोन विषयांची मिळून पीएचडी म्हणे! सहा महिने तुझ्या लॅबमध्ये मी काढायचे, सहा माझ्या लॅबमध्ये तू. फॉर्मवर सह्या ठोकल्या आणि बसलो आपापल्या खोलीत.

केयूर : हळू बोल. आई आत आहे. आणि ऐक. माझा थीसिस पास झालाय. एक तारखेला पुण्याला जॉइन व्हायचंय. पेपर छापून दीड वर्ष झालं, आजवर कुणी बोट दाखवलं नाही. गुरुवारी तुझा व्हायवा. तो होऊ दे, मग बघू ना.

तेजश्री : बोट दाखवलं नाही? सुरुची तीन महिने काय करतेय मग?

केयूर : कोण, ती अमरावतीची नवीन मुलगी? तिच्या प्लेटा जमत नाहीत म्हणे. हाताला सफाई नाही, सर सांगत होते.

तेजश्री : सफाई नाही? तीनतीनदा धुते ती! गोळा होऊ न देता, तासन्‌तास. दोन्ही लॅबमध्ये खरोखर बसणारी ती पहिली. म्हणूनच तिचे जंतू मरत नाहीत. काल दोन्ही गाइडनी तिला समोर बसवलं. "आधीच्या दोघांना जमलं, तुलाच का नाही? नीट विचार कर, हे क्षेत्र तुझं आहे का." मी तिथेच होते, केयूर. माझ्या दोन प्लेटा झाल्या होत्या तोवर, मला कळून चुकलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला स्वतःची.

केयूर : मग?

तेजश्री : मग काय! आज गाशा गुंडाळून घरी चाललीय ती. परत येणार नाही म्हणते.

वीणा : काय गं तेजू, दारामागे कसली खुसुरफुसुर? थालीपीठं गार होतायत. आणि मी काही बहिरी नाही हं. केयूर, जखमेवर लावायच्या त्या तुमच्या सोन्याच्या पट्टीने कुणाला इजा झाली का रे?

केयूर : नाही, आई. माणसाच्या जखमेवर लावलीच नाही अजून.

वीणा : मग झालं तर! खामखा पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा? पेढे वाटून झाले, देवीची ओटी भरून झाली. अमृतराव घाटावरच्या इंदूमावशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, वीणाचा मुलगा पुण्याला चालला. यांच्या माघारी कसे दिवस काढलेत मी, ते तुला सांगायला नको, तेजू.

तेजश्री : काकू, तुमचं अन्न खाल्लंय मी चार वर्षं. मला त्याची नोकरी घालवायची नाहीये हो.

वीणा : मग ही सुरुची कोण मध्येच?

तेजश्री : चैत्रातल्या हळदीकुंकवाला आणली होती ना मी, ती.

वीणा : अगोबाई, ती? डाळ वाटून दिली की तिने मला, पाहुणी असून! आता घरी जाऊन काय सांगणार आहे ती?

तेजश्री : की माझ्या हातालाच गुण नाही. आई कपडे शिवून शिकवतेय तिला.

केयूर : आई, तूच सांग, काय करू?

वीणा : मला विचारू नकोस. मी आई आहे तुझी, मी नोकरीच म्हणणार. तव्यावर थालीपीठ आहे माझं.

केयूर : गेली. म्हणजे ऐकायचंही नाही तिला. पुण्याचे लोक काय म्हणतील, तेजू?

तेजश्री : माहीत नाही. नको म्हणतीलसुद्धा. माझंही एखाददोन वर्षं लांबणार. बाबांना अजून सांगितलं नाहीये.

केयूर : मग सरांना परस्पर सांगून टाकायचं होतंस. माझ्या गळ्यात कशाला आणून घातलंस हे?

तेजश्री : आणि तुला दुसऱ्याकडून कळलं असतं म्हणजे? पेपरवर दोघांची नावं आहेत. मी एकटीने सांगितलं तर ती चुगली झाली. सहाला वेळ दिलाय सरांनी. तू आलास तर बरं, नाही आलास तरी मी जाणार.

केयूर : आणि मी थांब म्हटलं तर?

तेजश्री : पाचला तिची गाडी आहे, केयूर. कशी थांबू?

केयूर : ... लाव फोन. दे इकडे. नाही, स्पीकरवर नको.

तेजश्री : मी बोलू का आधी?

केयूर : नको. मीच. ... हॅलो, सुरुची? मी केयूर. हो, खाली बायोलॉजीत होतो तो. रिक्षा आली असेल तर थांबव जरा. ... अगं रडू नकोस, आधी ऐक. ... नाही गं, तीनदा धुणं जास्त नव्हतं. आम्ही एकदाच धुतलं होतं.