कोल्हे वरडले तवा

(शिरूर अनंतपाळ. यात्रेतल्या नाटकाची रंगीत तालीम, दुपारची वेळ. शाळेच्या एका वर्गात वैजनाथ दुर्योधनाचा रंग लावून घ्यायला बसलाय. रंगवतायत म्हातारे निजामोद्दीनचाचा.)

वैजनाथ : वाजू द्या फोन, चाचा. तिचाच आसंल.

निजामोद्दीन : तिसऱ्यांदा वाजून राहिला. उज्वला अहमदपूरलाच हाय ना अजून?

वैजनाथ : हाव, माहेरीच. आज बारसं हाय सांजच्याला. ये म्हनती. आज न्हाई आलास तर पुन्हा कवाच येऊ नको म्हनती.

निजामोद्दीन : आन् तू हितं भुवया काढून घेऊन राहिलास! बारा दिवसांचं पोरगं, अजून बगितलं न्हाईस?

वैजनाथ : मूळ नक्षत्रावर जलमलंय. पैला चरन. बापाला जड. आमच्या चुलत्यानं, भुजंगतात्यानं, जोशीबुवाला इचारलं. आठ वर्सं तोंड बगायचं न्हाई. तवर मामाकडं वाढू द्या म्हनले.

निजामोद्दीन : मी तर सत्तावीस दिवस ऐकलो होतो. मग नक्षत्राची शांत करतात, तेलाच्या वाटीत बापाला पोराचं तोंड दाखवतात, झालं.

वैजनाथ : पैल्या चरनाला तेवढ्यानं भागत न्हाई म्हनतात तात्या.

निजामोद्दीन : मान हलवू नको, काजळ फिसकटतंय. हे बग बेटा, चाळीस वर्सं झाली ह्या गावचा दुर्योधन रंगवतो मी. तुझ्या आदी तिघं रंगवले. दरसाली भुवई वर चढवायची, डोळ्यात राग घालायचा. एकदा दिमागात आलं, ह्याच्यात एवढा राग आला कुठून?

वैजनाथ : जलमतानाच आला की. कोल्हे वरडले न्हाईत का तवा?

निजामोद्दीन : कोल्हे रोजच वरडतात. त्या रोजी लोकांनी कान दिला. मोठी मान्सं म्हनली, टाकून द्या, कुळाला जड हाय. बापानं टाकलं न्हाई. पन बगितलं तरी कुठं? बाप आंधळा, आईनं डोळ्याला पट्टी बांधलेली. पोरगं पैलं पाऊल टाकलं तर अख्ख्या वाड्यानं बगितलं, ह्या दोघांनी सोडून. 'आई, बग की' म्हनत आसंल. ती तोंडावरून हात फिरवायची, बस.

वैजनाथ : मग त्यात तिचा तरी काय कसूर?

निजामोद्दीन : कसूर कुनाचा म्हनलो मी? पोराचं सांगतोय. त्याला हळूहळू कळालं, गुमान बसलं की आपन हाय का न्हाई तेबी ह्यांना कळत न्हाई. मडकं फोडलं, कुनाला ढकललं, की दोघंबी लगेच वळतात. मग काय, फोडतच सुटला.

वैजनाथ : हे पोथीत न्हाई, चाचा.

निजामोद्दीन : न्हाईच. रंगवता रंगवता मला दिसलं. पाचेक वर्साचा झाला आसंल. आईच्या मांडीवर बसून पट्टीची गाठ सोडाया लागला. दासीनं हात झटकला. म्हनली, कोल्हे वरडताना जलमलास तू, तुझं तोंड आईनं न बगितलेलंच बरं. त्याला पैल्यांदाच कळालं ते. पुन्हा त्यानं त्या गाठीला हात लावला न्हाई.

वैजनाथ : मग?

निजामोद्दीन : मग आई-बापानं बगितलं न्हाई, ते मामानं बगितलं. पुढचं तू उद्या स्टेजवर करनारच हायस.

वैजनाथ : माझा मेव्हना तसला न्हाई हो. मृत्युंजय लई चांगला मानूस हाय.

निजामोद्दीन : आसंल ना. पन पोरगं त्याला इचारंल, माझा बाप मेला का? काय सांगावं त्यानं? जिता हाय, शिरूरला, तुला भिऊन बसलाय?

वैजनाथ : भ्या वाटतंच की! खोटं कशाला बोलू? माझा बाप गेला तवा मी तीन वर्सांचा होतो. बिनबापाचं वाढनं काय आसतं ते मला इचारा. लेकरासाठीच बगत न्हाई मी. मी मेल्यावर त्यानं कुनाकडं बगायचं?

निजामोद्दीन : तुझ्या बापाला मीच रंगवायचो. तू मांडीवर आसायचास. मी म्हनायचो, पोराला खाली ठेव, रंग लागतोय. ठेवायचा न्हाई. तीनच वर्सं मिळाली त्याला, पन तुला पोटभर बगून गेला. तुला आठवत नसंल. मला आठवतंय.

वैजनाथ : आसं कवा सांगितलं न्हाई तुमी.

निजामोद्दीन : तू कवा इचारलं न्हाईस.

वैजनाथ : बरं, आठ वर्सं न्हाई. तात्यासंगं भांडतो. सत्तावीस दिवसांनी शांत करतो, तेलात बगतो. तेवढं तरी करू द्या.

निजामोद्दीन : कर ना. तेलात तुला तो दिसंल. तू त्याला दिसशील का?

(फोन वाजतो.)

निजामोद्दीन : पुन्हा वाजून राहिला बग.

वैजनाथ : हालो. हाव, मीच. रडू नको, उज्वला. ऐक तर. आता तीनची गाडी धरतो. तात्याला काय म्हनायचं ते म्हनू दे. हाव, येतो. त्याला झोपवू नको तवर.

निजामोद्दीन : जा. तालमीचं मी सांगतो त्यांना. वाटंत नळावर तोंड धू, न्हाईतर गाडी चुकंल.

वैजनाथ : चुकली तर पुढची धरंन. ते खोबरेल घ्या, चाचा, आन् नीट उतरवा सगळं. भुवया बी. पैल्यांदाच बगनार हाय त्यो मला.