गॉन बिफोर द मिल्क

…नाही, पण मी म्हणतो, पहिल्या रांगेतच का? बेसिंगस्टोकचा एवढा मोठा हॉल, मागे ढीगभर खुर्च्या मोकळ्या, एखाद्या खांबाआड बसलो असतो, डोळे मिटून घेतले असते, कुणाला कळलं असतं? पण नाही! बायकोचे वडील स्टेजवर आहेत ना, मग जावयाचं तोंड त्यांना दिसलंच पाहिजे! रविवारची दुपार, बाहेर चक्क ऊन, इंग्लंडमध्ये ऊन हो, वर्षाचा कोटा त्या एका दुपारी सांडत होता… आणि आम्ही कुठे? पहिल्या रांगेत!

तुम्हाला सांगतो, माझे सासरे म्हणजे देव. नाव देव, बाकी काही नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी सांगलीहून लंडनच्या ईलिंगला आले, पोस्टात चिकटले, आणि तिथल्या पबात गोऱ्यांच्या नादी लागून कंट्री गाणी लिहायला लागले. कंट्री म्हणजे कळलं ना? गिटार, टोपी आणि बायको सोडून गेल्याचं दुःख! त्यातलं एक गाणं कुणा गायकानं उचललं आणि रेडिओवर जे तुफान चाललं म्हणता… 'गॉन बिफोर द मिल्क'. म्हणजे पहाटे दूधवाला दारात बाटल्या ठेवायच्या आत ती निघून गेली. ती म्हणजे बायको.

आता गंमत ऐका, बायको गेलीच नव्हती! आमच्या सासूबाई, लीलावतीबाई, आतल्या खोलीत घोरत होत्या! पण लोकांना कोण सांगणार? मंडळाच्या गणपतीत बायका त्यांना कोपऱ्यात घ्यायच्या, 'लीलाताई, कुठं गेला होतात हो?' एकीनं तर आवाज बारीक करून विचारलं, 'दूधवाल्याबरोबर का?' सासूबाई ताठ मानेनं सांगायच्या, 'मी कुठ्ठेही गेले नव्हते. मी गेले तर आपलं कसं होईल, ही भीती वाटायची ह्यांना, म्हणून लिहिलं!' सासऱ्यांनीच तसं सांगितलेलं ना. नवऱ्याची ती भीती बाईंनी चाळीस वर्षं गळ्यातल्या दागिन्यासारखी मिरवली.

तर आता ह्या वयात कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्यांनी गाणी लिहिली त्यांनीच ती एकत्र बसून गावोगाव गायची! का? घराचा नकाशा काढणारा कधी विटा वाहायला जातो का? पण नाही! चार उंच स्टुलं, चार गिटारी, चार म्हातारे. एकेकानं गाण्याची जन्मकथा सांगायची आणि मग गायचं. रॉनी म्हणून एक, त्याला दोघांनी धरून स्टुलावर चढवला, तो मध्यंतरातही उतरवला नाही, कोण परत चढवणार! कीथचं गाणं मेलेल्या कुत्र्यावर, आणि ऐन कडव्यात तो कुत्र्याचंच नाव विसरला, पब्लिकनं ओरडून सांगितलं! तिसरी बेरिल, तिनं प्रत्येक नवऱ्यावर एक गाणं लिहिलंय, प्रत्येकाची अशी सालटी काढत होती की हॉल खो खो हसत होता. आणि टोकाला आमचे देव. आवाज? कोरड्या काचेवर वायपर चालवा. तोच. त्यांची थुंकी उडाली तर माझ्या चष्म्यावर, कारण आम्ही कुठे? पहिल्या रांगेत!

आसावरी, म्हणजे माझी बायको, जन्म इथला, मराठी ही अशी, मला कोपर मारून म्हणते, 'पुष्कर, माझी बाबा गाणार आहे, तू तुझा तोंड नीट कर!' केलं नीट. तिच्या पलीकडे सासूबाई. ठेवणीतली साडी, वर कार्डिगन, हातात काठी. आपल्या गाण्याची पाळी म्हणून पदरबिदर सावरून बसल्या.

सासऱ्यांनी टोपी मागे सरकवली. आता भीतीची गोष्ट येणार, तोंडपाठ होती आम्हाला. पण बेरिलला मिळालेला तो हशा त्यांच्या कानात गेला होता हो! म्हाताऱ्याला हाव सुटली! म्हणतात कसे, 'लोकांना वाटतं, बायको सोडून जाईल ह्या भीतीनं मी हे लिहिलं. भीती कसली? मी अर्ज केला होता! अजून मंजूर व्हायचाय!'

हॉल कोसळला! रॉनी स्टुलावरून पडता पडता वाचला. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला बोलू, जोक चांगला होता! आणि मग बघतो तर सासूबाई… चेहऱ्यावर काही नाही. नुसत्या म्हणाल्या, 'आसावरी, माझा कोट दे.'

सासऱ्यांनी पहिली ओळ उचलली आणि बाई उठल्या. मधल्या वाटेनं, चढावर, काठी टेकत, ठक… ठक… ठक… लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग! काठीच्या तालावर टाळ्या सुरू! ती बाई पाठ फिरवून चाललीय आणि पाचशे माणसं ठेका धरतायत! सासऱ्यांना दिसत होतं सगळं. 'लीला!' म्हणाले एकदा, तेही लोकांना गाण्यातलंच वाटलं. उतरायला बघतात तर गुडघा साथ देईना, गिटारीचा पट्टा स्टुलात अडकलेला. काय करतील? गात राहिले. आणि तुम्हाला सांगतो, काय गायले! आयुष्यात पहिल्यांदा तो वायपर थांबला आणि आतून माणूस बोलला. अख्खा हॉल उभा! दाराशी पोचलेल्या सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. आणि सगळे उभे असताना खुर्चीला चिकटून बसलेला मी एकटा, तोही कुठे? पहिल्या रांगेत!

गाडीत त्या पुढच्या सीटवर बसल्या. 'एजवेअरला घे,' म्हणाल्या.

'आई, आधी ईलिंगला तुमच्या घरी…'

'एजवेअर.'

एजवेअरला आमचं घर आहे.

तेव्हापासून सासरे गावोगाव रोज तेच गाणं म्हणतायत आणि रोज खरं रडतायत, पेपरात कौतुक, तिकिटं मिळेनात! शेवटी त्या बेरिलचा फोन, 'डार्लिंग, प्लीज, लीलाला एवढ्यात परत पाठवू नका हं! देव काय गातोय! ती परत आली तर संपलंच सगळं!' आहे का नाही? मी भीत भीत सासूबाईंना निरोप दिला. कणीक मळता मळता म्हणाल्या, 'गाऊ दे की. अर्ज मंजूर केलाय म्हणावं.'

बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात चिमुकल्या खोलीत, माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल होतं, तिथे आता त्यांचा पलंग. मी जिन्यात बसतो, लॅपटॉप मांडीवर. खाली स्वयंपाकघरात सासूबाई पोळ्या लाटतात, फोन शेजारी स्पीकरवर, तिकडून सासरे, 'लीला, चुकलो गं… एक शब्द तरी बोल…' बाई बोलत नाहीत. फोनही ठेवत नाहीत! परवा मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, 'पुष्कर, मागे कुणी रडतंय का?' म्हटलं, सासरे आहेत. तो जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, 'आवाजात काय दर्द आहे रे! ह्यांचे शोज वगैरे असतात का?'

म्हटलं, असतात. दौरा मार्चपर्यंत वाढलाय… आणि जिन्याला हीटर नाहीये.