बोळावर स्टे

(सौंसर. दोन सख्ख्या भावांची घरं, मध्ये दीड हाताचा बोळ. धाकटा भाऊ तुळशीराम आपल्या गच्चीवर दोर धरून. समोरच्या माडीच्या खिडकीत त्याची थोरली वहिनी वत्सला. दोघांच्या मध्ये, दोरावर, तुळशीरामचा मुलगा सागर.)

वत्सला : पाय काढ माह्या भिंतीवरून.

सागर : मोठी आई, पाय काढला तं मी लटकतो.

वत्सला : आता काय करून राहिला मंग?

सागर : आता उतरून राहिलो. एक पाय आमच्या भिंतीले, एक तुमच्या. असंच उतरा लागते.

वत्सला : मी कांदे चिरत होती. खिडकीत बूट आला. मले वाटलं चोर.

तुळशीराम : सागर, वहिनीले सांग, चोर भरदुपारी दोर बांधून येत नाही.

वत्सला : सागर, तुह्या बापाले सांग, मले ऐकू येते.

सागर : बाबा, तुमी दोराकडं ध्यान द्या. हळूहळू सोडा.

वत्सला : पण उतरून काहून राहिला? काही पडलं का?

सागर : व्हिडिओ काढून राहिलो. हा पाहा, छातीवर मोबाइल बांधला. जॉर्डनच्या कंपनीले पाठवाचा हाये. तिकडं वाळवंटात डोंगराले उभ्या चिरा हायेत. इतक्या अरुंद, का मानूस आडवा होऊन चालते. टुरिस्ट लोक त्याच्यात दोरानं उतरतात. त्यायले उतरवाले मानसं पाहिजे.

वत्सला : पचमढीले हेच तं करत होता तू.

सागर : पचमढीच्या दऱ्या रुंद. दोन्हीकडं पाय पुरत नाही. कंपनी म्हणते, अरुंद जागेत वरून खालपर्यंत उतरून दाखव. मधात कट नाही, अन् शेवटी दोन्ही पाय जमिनीवर. आज संध्याकाळपर्यंत नाही गेला तं दुसऱ्याले घेतात ते.

वत्सला : अन् साऱ्या सौंसरात तुले हाच बोळ सापडला.

सागर : दोन्हीकडून लाल विटा हायेत, गिलावा नाही. मोबाइलमधून डोंगरच दिसते.

वत्सला : गिलावा कसा राहीन? बोळ कोनाचा हे ठरेपर्यंत त्यात कोनीच पाय ठेवाचा नाही, असा कोर्टाचा स्टे हाये. गवंडी काय हवेत उभा राहीन? माहा चिमटा पडला खाली, तू दहावीत होता तवा. अजून तेथीच हाये.

सागर : दिसून राहिला. बाजूले आमची बादली हाये.

वत्सला : हात नको लावू. निकाल लागाचा हाये.

तुळशीराम : सागर, तू बी खाली पाय टेकवू नको बरं.

सागर : बाबा, टेकवाचेच हायेत. थेच तं दाखवाचं हाये.

तुळशीराम : मले वाटलं, खालपर्यंत जाशीन अन् वर येशीन.

सागर : वर कोन ओढीन? तुमची पाठ धरली हाये. सकाळी सारं सांगतलं मी तुमाले.

तुळशीराम : सकाळी मी टाकीच्या खांबाले गाठ मारून राहिलो होतो. टेकवू नको. आपल्याकडून स्टे मोडला तं केस गेली.

सागर : अन् नाही टेकवले तं नोकरी गेली. जमीन हातभर राहिली फक्त.

वत्सला : टेकव रे. माही परवानगी हाये.

तुळशीराम : खबरदार, सागर. त्यायची परवानगी घेतली म्हणजे बोळ त्यायचा झाला.

वत्सला : मंग तुमी द्या, भाऊजी.

तुळशीराम : देतोच. सागर, माही परवानगी...

वत्सला : देऊन पाहा. आतमधून तुमच्या भावाले उठवीन. तुमच्या परवानगीनं उतरला म्हणजे बोळ तुमचा झाला. पोराच्या छातीवर पुरावा चालू हाये.

तुळशीराम : सागर, थो मोबाइल आवाज बी घेते का?

सागर : सारं घेते.

तुळशीराम : जॉर्डनवाल्यायले आपली भाषा समजते का?

सागर : नाही समजत. दोघंही चूप राहा. परवानगी नको मले कोनाचीच.

वत्सला : कधी जाणार हाये?

सागर : निवड झाली तं दीक्षाभूमीचा मेळा झाल्यावर लगेच.

वत्सला : किती दिवसासाठी?

सागर : दोन वर्सं.

वत्सला : मले कोन सांगणार होतं?

सागर : कोनी नाही.

वत्सला : म्हणजे खिडकी उघडली नसती तं शेजारपाजारच्यायनं सांगतलं असतं, का तुमचा सागर उंटावर बसला.

तुळशीराम : वहिनी, माहे हात भरून आले. दोर सरकून राहिला.

वत्सला : भाऊजी, तुमी टाकीकडं पाहा. मी कांद्याकडं पाहीन.

तुळशीराम : म्हणजे?

वत्सला : परवानगी कोनी दिली नाही. पाहिलं बी कोनी नाही.

तुळशीराम : अन् कोर्टानं इचारलं तं?

वत्सला : मी कांदे चिरत होती.

तुळशीराम : मी टाकीतलं पाणी पाहून राहिलो होतो.

वत्सला : टाकीत पाणी हाये का?

तुळशीराम : नाही.

वत्सला : मंग काय पाहून राहिले होते?

तुळशीराम : पाणी नाही, हे पाहून राहिलो होतो.

वत्सला : चालते. खिडकी लावून राहिली मी.

सागर : बाबा.

तुळशीराम : मी ऐकून बी नाही राहिलो.

सागर : टेकले दोन्ही पाय. व्हिडिओ पूर्ण झाला. बंद केला मोबाइल.

तुळशीराम : चांगलं झालं. म्हणजे, मले माहीत नाही. ये आता रस्त्याकडच्या फाटकातून.

सागर : फाटकाले दोन कुलपं हायेत. एक आपलं, एक मोठ्या आईचं.

तुळशीराम : हो रे. वहिनी. ओ वहिनी.

वत्सला : खिडकी लावली हाये, भाऊजी. मले काही दिसून नाही राहिलं.

तुळशीराम : तुमच्या कुलपाची चावी पाहिजे होती.

वत्सला : कायले? बोळात कोनी हाये का?

तुळशीराम : नाही.

वत्सला : मंग?

तुळशीराम : नाही, पण त्याले बाहेर काढा लागते.

वत्सला : या खाली. मी बी येऊन राहिली.

सागर : लवकर या. येथी विंचू अशीन.

तुळशीराम : आलो. हे आपलं उघडलं. वहिनी, तुमचं?

वत्सला : फिरूनच नाही राहिली चावी. गंज धरला.

तुळशीराम : मी फिरवू का?

वत्सला : तुमाले चावी देऊ?

तुळशीराम : नका देऊ. तुमीच धरा, मी वरून हात लावतो.

वत्सला : लावा. आता जोर द्या.

सागर : निघालं. व्हा बाजूले, येऊ द्या मले.

वत्सला : बारीक झाला रे तू. केस लागल्यापासून समोरून पाहिलंच नव्हतं.

तुळशीराम : वहिनी, लावून घ्या तुमचं कुलूप. मंग मी माहं लावतो.

वत्सला : लावाचं काय, भाऊजी? आपन तं उघडलंच नाही.