तीस सेकंदांचा धबधबा

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या छायाचित्रण विद्यालयाचे प्राचार्य, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, सरांच्या घरची मंडळी, सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी आई व माझी धाकटी बहीण,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी मघाशीच बजावलं आहे, गोड बोला आणि आटोपतं घ्या. आटोपतं नक्की घेतो. गोडाचं काही सांगता येत नाही.

सरांना सगळे ‘पुन्हा सर’ म्हणतात. फोटो दाखवायला नेला की ते चष्मा कपाळावर चढवत, दोन मिनिटं फोटो डोळ्यांजवळ धरून बघत, आणि मग एवढंच म्हणत, ‘पुन्हा.’ या सभागृहात असा एक तरी आहे का, ज्यानं हा शब्द ऐकून मनात सरांना चार शिव्या घातल्या नाहीत? मी तर आठ घातल्या आहेत.

आत्ता जे मानपत्र वाचलं गेलं, ते फार सुंदर होतं. एकतीस वर्षांची सेवा त्यात आली. एक गोष्ट तेवढी राहिली. गेली अकरा वर्षं सरांनी एकही सहल नेलेली नाही, कारण त्यांच्या सेवापुस्तकात शेरा आहे, ‘हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनीचा जीव धोक्यात घातला.’ इथल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. आज सर तोच घेऊन घरी जाणार. तो शेरा खोटा आहे, हे सांगायला मी उभा आहे.

प्राचार्य महोदय, चौकशी समितीचे प्रमुख आपणच होता. आपला अनादर करायचा नाही. आपल्याला जे सांगितलं गेलं, त्यावर आपण निर्णय दिलात.

पाहुण्यांसाठी थोडं समजावून सांगतो. धबधब्यापाशी सरांचा नियम होता, एकाच जागेवरून तीन फोटो. पहिला सेकंदाच्या हजाराव्या भागात, दुसरा पाव सेकंदात आणि तिसरा भिंगापुढे काळी काच लावून तीस सेकंद. पहिल्यात थेंब न थेंब जागच्या जागी थांबतो. तिसऱ्यात पाण्याचं रेशीम होतं. आम्हाला सगळ्यांना रेशीम हवं असायचं. पण पहिला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद. ‘वाचल्याशिवाय’ हा त्यांचाच शब्द.

आमच्या मागच्या फलकावर जो धबधबा दिसतोय, तो तीस सेकंदांचा आहे. मघाशी पाहुणे म्हणाले, किती शांत चित्र. तो फोटो मी काढला आहे, ज्या सहलीवरून तो शेरा बसला त्याच दिवशी, सकाळी सव्वादहाला. पात्राच्या मधोमध जो मोठा खडक आहे ना, त्याच्यामागे त्या वेळी माझी बहीण उभी होती.

मी तेव्हा नवा सहायक, नोकरी कायम व्हायला महिना उरलेला. सर वरच्या वळणावर दहा मुलांबरोबर होते. खाली मी आणि चार विद्यार्थी, त्यातली एक ही. लाल रेनकोट घालून ती नेमकी माझ्या चौकटीत उभी. मी ओरडलो, ‘त्या खडकामागे जा, मी हाक मारेपर्यंत हलू नकोस.’ घोट्याएवढं पाणी होतं. ती गेली. दादानं सांगितलं म्हणून गेली.

पहिला फोटो मी काढलाच नाही. वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी मला रेशीम हवं होतं, वेळ कशाला घालवायचा? काळी काच लावली आणि एकामागून एक चार फोटो घेतले. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच गुळगुळीत पांढरं पाणी. मी खूश होऊन पडद्याकडेच बघत बसलो. पाणी चढत होतं, आणि माझ्या चारही फोटोंत ते कुठेच दिसत नव्हतं.

वर सरांनी नेमानं पहिला फोटो काढला आणि वाचला. त्यात त्यांना पाण्यातून येणाऱ्या काटक्या दिसल्या, आणि ओल्या पानांची एक अख्खी फांदी, नुकतीच मोडलेली. म्हणजे डोंगरावर कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. त्यांनी शिट्टी फुंकली, मुलांना घेऊन धावत खाली आमच्यापाशी आले, सगळ्यांना काठावर घेतलं आणि मोजलं. एक कमी.

त्यांनी मला विचारलं, ‘तुझी बहीण कुठे आहे?’

मी म्हणालो, ‘माहीत नाही, सर.’

माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला असेल? नोकरीचा. सख्खी बहीण पाण्यात, आणि मला नोकरी आठवली. अर्धं मिनिट मी गप्प होतो. त्या अर्ध्या मिनिटात सर तिला झाडीत शोधायला उलट्या बाजूला धावले. मग माझ्या तोंडून निघालं, ‘खडकामागे.’ पाण्याच्या आवाजात तिला शिट्टी ऐकूच गेली नव्हती, आणि मी हाक मारलेली नव्हती.

सर कमरेला दोर बांधून उतरले. दुसरं टोक झाडाला वेढा घालून बसच्या ड्रायव्हरनं आणि मी धरलं होतं. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. एकदा दोघंही दिसेनाशी झाली. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मग लाल रेनकोट दिसला. ती काठाला लागली आणि मागोमाग सरांचा उजवा खांदा खडकावर आपटून निखळला. आम्ही त्यांना वर ओढलं तेव्हा तो खडक पाण्याखाली गेला होता.

सर, कृपा करून मला बसायची खूण करू नका. डाव्या हातानंही नको.

समितीसमोर सर एवढंच म्हणाले, ‘सगळी मुलं माझ्या जबाबदारीवर होती.’ मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, सर सांगतील तेच खरं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि पुढच्या महिन्यात चोराची नोकरी कायम झाली. दवाखान्यात मी सरांना म्हणालो होतो, मी सगळं सांगून टाकतो. ते म्हणाले, ‘तू गेलास तर पहिला फोटो वाचायला लावणारा दुसरा कुठून आणू? तू आता जन्मभर विसरणार नाहीस.’ मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ऐकलं. अकरा वर्षं ऐकलं.

आज मी मोठ्या मनानं उभा राहिलो, असं कृपा करून समजू नका. सकाळी बहीण म्हणाली, ‘दादा, आज तू बोलला नाहीस तर मी उठून बोलेन.’ घरी मात्र तिनं ही गोष्ट कधी काढली नाही. आईला ती आत्ता, तुमच्याबरोबरच कळते आहे.

प्राचार्य महोदय, लेखी जबाब मी दुपारी आपल्या कार्यालयात दिला आहे. शेरा माझ्या नावावर चढवावा. उद्यापासून सरांच्या खुर्चीवर मी बसायचं ठरलं होतं. त्याचा निर्णय आपण घ्यावा, तो मला मान्य असेल.

संयोजकांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं, असं म्हणायची रीत आहे. बोलण्यातलं तुम्ही पोटात घाला. न बोलण्याची माफी मी सरांकडे मागतो. आणि आई, तू उठू नकोस, मी खाली तुझ्याकडे येतो.