उतरेल हळूहळू

नाही, मला एक सांगा, केसांच्या रंगाच्या खोक्यावर ‘नैसर्गिक काळा’ असं छापायचंच कशाला? निसर्गात कुठं बघितलाय हो तुम्ही असला काळा? कावळासुद्धा उन्हात आला की जरा निळसर चमकतो! आणि माझं डोकं... माझं डोकं म्हणजे नुसतं भोक! कपाळ संपलं की थेट अंधार! आमचे हे सकाळी स्वयंपाकघरात आले, मला बघितलं, हातातला कप होता तिथेच ठेवला आणि म्हणाले, “घरात हेल्मेट का घातलंयस?”

तसा माणूस वाईट नाही हो. माझं तोंड पडलेलं बघून लगेच म्हणाले, “बरं बरं, उतरेल गं हळूहळू!”

उतरेल हळूहळू! अहो, हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलंय ना, की आता कुणी जिना उतरताना दिसला तरी मला राग येतो.

पण थांबा, मुळापासून सांगते. मुळापासूनच सांगायला हवं, सगळी भानगड मुळांचीच होती! तर मला एक बहीण आहे. जुळी. माझ्या जराशी आधी बाहेर आली, पण रुबाब असा, की जसं काही मला कडेवर घेऊन वाढवलंय. मी तिला ताई म्हणते, आणि ती मला, या वयात, चारचौघांत, ‘धाकटे’ म्हणून हाक मारते! जन्मभर लोकांनी आम्हाला शेजारी उभं करून फरक शोधले. “ही जरा तरतरीत, नाही?” “नाक हिचं बरं.” आता नाक एकाच साच्यातलं, तरी बरं नाक कायम तिचंच!

ताई राहते लांब. गेली कित्येक वर्षं भेट म्हणजे फोनवर, व्हिडिओवर. आणि त्या फोनमध्ये ताईचे केस... काय सांगू तुम्हाला! काळेभोर, तुकतुकीत, एक पांढरा शोधून दाखवा! आणि इकडे माझ्या डोक्यावर पिंजलेला कापूस. म्हणून मी फोन असा धरायची, की हनुवटीच्या वरचं काही दिसूच नये. ती म्हणायची, “धाकटे, मला तुझं छत दिसतंय.” मी म्हणायची, “हो का? नेटवर्क खराब आहे.”

आणि एक दिवस तिचा निरोप आला, येतेय म्हणून! चांगली महिना-दीड महिना राहायला! म्हटलं झालं, आता छत दाखवून भागणार नाही. धावत जाऊन रंग आणला. दुकानातला सगळ्यात काळा! जुना गाऊन घातला, खांद्यावर फाटका टॉवेल, सगळ्या डोक्याला नीट चोपडला, वेळ झाली, धुवायला म्हणून नळाला हात लावला... आणि फोन. कुणाचा? ताईचा!

“निवांत आहेस ना गं? मग बोलू या जरा!”

जरा! तिला खिडकीची जागा मिळाली नाही ते झालं, शेजारणीचं मांजर कुणाकडे ठेवायचं ते झालं, मग त्या मांजराचा स्वभाव! आणि मी काय सांगणार, डोक्याला रंग लावलाय म्हणून? जिच्यापासून लपवायचा तिलाच? मी आपली “हो का... अगं बाई... मग गं?” करत बसले, आणि तिकडे रंग मुरतोय, मुरतोय, मुरतोय! फोन ठेवून धुतलं तर मोरीत शाई! कपाळ काळं, कान काळे, मानेवर ओघळ. आणि केस... जाऊ दे.

त्यात माझी नोकरी कुठे? चष्म्याच्या दुकानात! चारी भिंतींना आरसे! जिकडे वळावं तिकडे मीच, ती काळी बाई! एका आजोबांना नवा चष्मा घालून दिला, म्हटलं, “बघा, नीट दिसतंय का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “ताई, वरच्या बाजूला काचेवर डाग आहे हो मोठा.” मालक गल्ल्यामागून हळूच म्हणाले, “डाग नाही आजोबा. उतरेल हळूहळू.”

मग सुरू झाली उतरवण्याची मोहीम. कुणी म्हणालं भांड्यांचा साबण, लावला. आमचे हे ओट्यापाशी उभे, “साबण कुठे गेला?” “बाथरूममध्ये.” “तिथे का?” “विचारू नका!” कुणी म्हणालं सर्दीवर चघळतो त्या आंबट गोळ्या कुटून शाम्पूत कालवा, कालवल्या. कुणी म्हणालं खाण्याचा सोडा, तोही झाला. आणि उतरला बरं का! कानांपाशी उतरला, तिथे गंजलेल्या लोखंडाचा रंग आला. टाळूवर जरासा उतरला, तिथे वांग्याचा आला. आणि मागे माझा हातच पोचत नाही, तिथे नैसर्गिक काळा, खोक्यासकट!

शेवटी पार्लरवालीकडे गेले. तिने शेपटीच्या कंगव्याने एक बट उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, “घरी केलंत?”

“हो. पण उद्या माझी बहीण येतेय हो!”

“आता वर काही लावलं तर केस हातात येतील. उतरेल हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी गेले स्टेशनवर. गाडी आली, माणसं उतरली, मी काळेभोर केस शोधतेय. सगळे पांगले, ताई नाही! फोन लावला. “कुठे आहेस गं?”

“घड्याळाखाली.”

“मीपण घड्याळाखालीच आहे!”

“कुठल्या?”

“अगं, गोल! मोठं!” मी म्हटलं. “मीपण त्याच!” ती म्हणाली.

आणि तुम्हाला सांगते, तो आवाज मला दोन्ही कानांत ऐकू आला. एका कानात फोनमधून, आणि दुसऱ्या कानात... पाठीमागून. वळून बघते तर एक पांढरीशुभ्र म्हातारी. नाक माझं!

तिने माझं डोकं पुढून-मागून निरखलं. मग ती म्हणाली, “धाकटे... हे काय केलंस?”

“तू काय केलंस? फोनवर तर...”

“ते फोनमध्ये असतं गं तसलं काहीतरी, बटण दाबलं की केस काळे. डोक्याला लावणं मी केव्हाच सोडलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुझी नुसती हनुवटी दिसायची! मला वाटलं, वर अजून तरुण असशील!”

तिथेच तिच्या बॅगेवर दोघी बसलो आणि हसलो, इतकं हसलो की हमाल बघायला लागले. मग मी तिच्या केसांवरून हात फिरवला. मऊ. आमच्या आईचे शेवटी अगदी असेच झाले होते. तिने माझं डोकं जवळ ओढलं, हुंगलं आणि म्हणाली, “भांड्यांचा साबण? वेडी कुठली. उतरेल गं हळूहळू.” आणि खरं सांगू? तेवढ्या एका वेळेला मला राग आला नाही.

राग आला तो बसमध्ये! चढलो, बस भरलेली, लगेच एक मुलगी उठली, “बसा ना आजी.” मीही आपली सरकले, माझेही गुडघे त्याच दिवशी जन्मलेत! तर ती मुलगी मला म्हणते, “काकू, तुमच्या आईंना खिडकीशी बसू दे ना.”

आई!

वाटलं, आता ताई भडकणार. छे! ती महाराणीसारखी टेकली, पदर सावरला, बॅग माझ्या खांद्याला अडकवली. मी म्हटलं, “ताई, मलापण बसायचंय गं.” तर माझ्या हातावर थोपटून म्हणते, “उभी राहा बाळा, तुझं वय आहे का बसायचं?”

तेव्हापासून हे असंच चाललंय. बस असो, बँक असो, दवाखाना असो, खुर्ची तिला आणि पिशव्या मला. अजून चांगला महिनाभर मुक्काम आहे तिचा! हल्ली रोज सकाळी आरशासमोर वाकून बघते, पांढरं काही डोकावतंय का, आणि हात जोडून सांगते... बाबांनो, जरा भराभरा वाढा रे, पाय दुखायला लागलेत माझे!