राखणीचा घोट

हो, वास माझ्याच तोंडाला येतोय, उगाच एकमेकांकडे बघू नका, नाकंही नका धरू, आणि ते फलक बाहेर कुडाला टेकवून ठेवा, घोषणा तर अजिबात नकोत, आत काका निजलेत... निजलेत म्हणजे काय ते सांगतोच, पण हळू. सभा पाचला आहे हे मला माहीत नाही का? दारूबंदी मंडळाचा चिटणीस मीच, भाषण लिहिलंय मीच, बावीस पानं, आणि त्यातलं पहिलं वाक्य तर तुम्हाला पाठ आहे: दारू आमच्या घरात कोणी पीत नाही. म्हटलं, सुरुवात आपल्या घरापासून करावी. केली सुरुवात... थांबा जरा. हं. घेतला श्वास. बोलतो.

तुम्हाला सांगतो, हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. आत्मारामकाका भात झोडताना चक्कर येऊन पडले. पासष्टीचा माणूस, माझे वडील गेल्यावर मला वाढवणारा, शिकवणारा. म्हणून त्यांना आणि कमळाकाकूला गाडीत घालून थेट रत्नागिरीला, पेठेतल्या नव्या डॉक्टरांकडे नेलं. एरवी आपल्याकडे काय होतं? अंगारा होतो, नारळ होतो, कोंबडं होतं, आणि मग तेरावं होतं. मी म्हटलं, नाही, शास्त्रीय उपचार. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, म्हणाले रक्ताचा दाब फार आहे, डोकं शांत राहायला हवं, या पांढऱ्या गोळ्या, दिवसातून तीन वेळा. आणि लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "घेतात का?"

आता प्रश्न कोणाला? काकांना. उत्तर कोणी दिलं? मी. बी.ए. झालेला, खादीचा सदरा घातलेला मी, ताठ उभा राहून म्हणालो, "दारू आमच्या घरात कोणी पीत नाही." मागे काका खोकले. काकूने पदर तोंडाशी नेला, मला वाटलं अभिमानाने. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. कारण या गोळीवर दारू पडली की माणूस निजतो आणि श्वास घ्यायचा विसरतो." काकांनी मान हलवली. अगदी मनापासून, खोटं नाही.

खोटं नव्हतंच ते, इथेच तर सगळं बुडालं. काकांच्या लेखी, गुत्त्यावर बसतो तो दारू पितो. काका काजूच्या फेणीची एक करवंटी घेतात, सकाळी गुडघ्यांसाठी, संध्याकाळी छातीसाठी, मिरी घालून, चाळीस वर्षं. ते औषध. काकू स्वतःच्या हाताने देते, माप ठरलेलं, बाटली भिंतीतल्या देवळीत तुळशीच्या माळेमागे. आणि डॉक्टरांच्या गोळ्या तिने कुठे ठेवल्या असतील? त्याच देवळीत. औषधाशेजारी औषध. आणि गोळी गिळायची कशाने? पंधरा दिवसांपूर्वी मी विचारलं ना, तर म्हणाली, "थंडीच्या दिसांत पाणी छातीला बाधतं रे बाळा. ह्या औषधावर ता औषध देते. एका घोटात दोनी कामं."

दोन्ही कामं... ऐकलंत?

आणि तोवर दोन महिने मी काय बघत होतो? काका जेवता जेवता घास हातात तसाच धरून डुलकी घ्यायचे. दुपारी हाक मारली तर खोल विहिरीतून आल्यासारखी ओ यायची. एकदा विहिरीच्या काठावर उभे, रहाटाचा दोर हातात, डोळे मिटलेले, अर्धं पाऊल पुढे. मी काय केलं? डॉक्टरांना पत्र लिहिलं, की गोळी छान लागू पडली आहे, काका अगदी शांत झालेत. शांत... थांबा. थांबा हं. हं, आला. हा श्वास जरा उशिरा आला, नाही का?

तर बाटली मला देवळीत सापडली, गोळ्यांना टेकून. मी ओरडलो, घरात भाषण केलं, बाटली परसात ओतली, डॉक्टरांकडे धावलो, पण लाजेपोटी काकांचं नाव न घेता विचारलं, समजा कोणी दोन्ही घेतलं तर? ते म्हणाले, दोन्ही मिळून चालायचं नाही, एकदा माणूस निजला की उठायचा नाही. काकांना सांगितलं, तर म्हणतात, "मग गोळी सोडतो. ती कालची पोर. ता चाळीस वरसांचं हाय." शेवटी काकूने त्यांचा हात देवापुढे ठेवून वदवून घेतलं, रोजचं बंद. मी म्हटलं, बघा, जिंकलो. तेवढ्यात काका म्हणाले, "राखणीचा घोट तेवढा घ्यावा लागंल."

राखण तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही बागांत होते, माझी भाषणं ऐकून झाली की तुम्हीही देता. आंब्याच्या कलमांना मोहोर आला की बाग राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा आणि बाटली, आणि ठेवलेल्या बाटलीतला पहिला घोट घरातल्या थोरल्याने घ्यायचा. सरकारने दारूबंदी केली खरी, पण राखणदाराला कोणी कळवलंच नाही. बाटली कुठून येते हे पोलीसपाटील विचारत नाहीत, कारण दुसरा घोट त्यांचा. राखणदारापुढे गाऱ्हाणं घालणारा रावजी तर मला म्हणाला, "थोरला नाय तर घोट नाय, नि घोट नाय तर राखण नाय. मग बागेत सापकिरडू निघालं तर तुझी पुस्तकं येतील काय काठी घेऊन?" तासभर मी शास्त्र सांगितलं. काका शांतपणे मुंडासं बांधून निघाले. तेव्हा मी म्हणालो... हो, मीच म्हणालो, "काकांच्या जागी मी घेतो."

तर आज दुपारी कलमाखाली मी उभा. रावजी म्हणतो, "बा म्हाराजा, थोरला आजारी हाय, त्येचा पुतण्या आलाय. तो शिकलेला हाय, तरीपन त्येचा घोट मानून घे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." शिकलेला आहे तरीपण. मी डोळे मिटले नि ओतली. घशातून पेटती काडी गेली. पण खरं सांगतो, मला फार थोर वाटत होतं, तत्त्व गेलं तर गेलं, माणूस तर वाचला, या तोऱ्यात घरी आलो.

काका बाजेवर. दुपारची गोळी घेतलेली. बाजेखाली करवंटी उपडी. पेंढ्यात दुसरी बाटली होती, ती माझ्या शास्त्राला दिसली नव्हती. काकू कानाशी म्हणाली, "त्ये म्हनाले, पोराच्या घोटाचा राखणदारानं राग धरला तर पोराचं काय व्हईल? म्हनून इथंच घेतली, बागेकडं तोंड करून. राखणीची म्हनून दोन."

म्हणजे मी प्यालो काकांसाठी, काका प्याले माझ्यासाठी, आणि राखणदाराला एका वर्षात दोन मान.

आमचा गडी बाबल्या बैलगाडी घेऊन डॉक्टरांना आणायला गेलाय. मी हाका मारल्या, चिमटे काढले, कुशीवर वळवलं. आता नुसतं मोजतोय. तुम्ही आलात तेव्हा दोन श्वासांच्या मध्ये चार अंक होत होते. पाच. सहा. सात... हं.

ही घुंगरं ऐकलीत? गाडी आली. डॉक्टर आत येताना तोच प्रश्न विचारणार, घेतात का? काकूला मी हात जोडून सांगितलं, खरं ते सांग. तर म्हणते, "आज तुझी सभा, बाळा. गावात तुझं नाव जाईल. मी सांगते, दारू आमच्या घरात कोणी पीत नाही." माझंच वाक्य, माझ्याकडूनच शिकली. काकांच्या छातीला तिने कापराचं तेल चोळलंय, ओठ लवंगेच्या पाण्याने पुसलेत, त्या खोलीत आता देवळासारखा वास येतो. घरभर वास मारतोय तो फक्त मी.

सरका, वाट द्या त्यांना. दारात काकू उभी, जन्मात एकदाही खोटं न बोललेली बाई. आणि तिच्यामागून मी, डोळे लाल, तोंडाला भपकारा, सांगणार की डॉक्टर, हिचं ऐकू नका, काका प्यालेत. डॉक्टरांच्या जागी तुम्ही असता तर कोणाचं खरं मानलं असतं?

राहू द्या. आल्या आल्या तुम्ही नाकं धरलीत, तेव्हाच कळलं मला.