शंभरातल्या दोन

योकोतेच्या बसथांब्यावर किनुएबाईंच्या पुढे साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारे म्हातारे तोगाशी आणि त्यांची मुलगी मिहोको उभे होते. उन्हाळ्याच्या उष्णतेत घरचं पिढीजात यीस्ट मेलं असं धरून दोघं शहरातून नवं आणायला निघाले होते; जुन्याचा नमुना तेवढा तपासायला दिला होता. तेवढ्यात मिहोकोला प्रयोगशाळेचा फोन आला.

"काय म्हणाले? सगळं विरजण उकडून मेलं ना?"

"नाही बाबा. शंभरातल्या दोन पेशी जिवंत आहेत."

"सगळी एकाच पेशीची पिलावळ, जनुकंही सारखी. मग या दोनच कशा वाचल्या?"

"जनुकं सारखी असली तरी प्रत्येकीत सगळीच चालू नसतात. या दोघींमध्ये उष्णतेपासून राखणारी जनुकं आधीच चालू होती."

"त्यांना आधी कळलं होतं की काय?"

"छे! काही जणी असतातच तशा. फक्त त्यांची वाढ रेंगाळते."

"आळशी म्हण की! असल्यांना मी आजवर टाकून देत आलो."

"माहीत आहे, बाबा."

"यांच्यापासून माझ्या आजोबांचं यीस्ट पुन्हा उभं राहील?"

"राहील. नव्या पेशी पुन्हा भराभर वाढतील, पण सुरुवातीला घाई करायची नाही."

"मी घाई करतो, असं म्हणायचंय तुला."

"सायोको हेच म्हणत घर सोडून गेली."

"तुम्ही तर जुळ्या, हुबेहूब सारख्या. तू टिकलीस आणि ती..."

"तीही टिकलीये, बाबा. फक्त तुमच्यासमोर नाही."

बस आली. म्हातारबा बाजूला सरकले.

"तुम्ही चढा बाई, आम्हाला आता शहरात काम नाही."

किनुएबाई पायरीवर असतानाच मागून त्यांचा आवाज आला,

"मिहोको, तिच्या गावची बस कुठून सुटते गं?"